उचल, खाडा आणि गर्भपिशवी: बीडच्या एका ऊसतोड बाईची केस

बाईचं वय आज ३४. लग्न झालं १५ व्या वर्षी, पोरं तीन, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन २१ व्या वर्षी आणि गर्भपिशवी काढली २०१८ च्या उन्हाळ्यात, म्हणजे २७ व्या वर्षी. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं गाव, घरची दीड एकर मुरमाड कोरडवाहू, आणि लग्नापासून दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की नवऱ्यासोबत ऊसतोडीला, कधी सांगली-कोल्हापूरकडं, कधी पार बेळगाव-बागलकोटला. मी आमच्या भागात आशाताईंवर गटप्रवर्तक आहे, म्हणून ही केस मला जवळून माहीत. तिला विचारून, ती हो म्हटल्यावरच लिहितेय, नाव, गाव, दवाखाना यातलं काही सांगणार नाही.

लिहायचं कारण एवढंच की या विषयावर बोलताना लोक लगेच "अडाणी बायका, डॉक्टरनं फसवलं" इथं येऊन थांबतात. डॉक्टरचा दोष आहेच, तो मी पुढं सांगतेच, पण माझं स्पष्ट मत आहे की हिची पिशवी काढायचं ती दवाखान्याची पायरी चढायच्या आधीच बारा आणे ठरलेलं होतं. ते उचलीच्या (हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशाच्या) व्यवहारात ठरलं, खाड्यात (काम बुडाल्याच्या दंडात) ठरलं, फडातल्या (तोडणीच्या रानातल्या) पाण्यात ठरलं. कसं ते सांगते.

ज्यांना ऊसतोडीची माहिती नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. तोडणीला नवरा-बायको जोडीनं जातात, या जोडीला एक कोयता म्हणतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम (मजुरांची टोळी जमवणारा ठेकेदार) उचल देतो ती कोयत्यामागं, आज ती कुठं ७०-८० हजार, कुठं लाख, कुठं त्याच्याही वर. लग्न न झालेल्या पोराला अर्धी, झालेल्याला पूर्ण. मग पोरगं जरा कामाला आलं की घरचे दसऱ्याच्या आधी पोरगी बघायला लागतात, आणि पोरीच्या आईबापाचीही अडचणच असते, सहा महिने दोघं फडात, वयात आलेली लेक गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तेही उरकून टाकतात. कारखान्याच्या गेटवर घाईघाईत लावलेल्या लग्नाला तर आमच्याकडं गेटकेन लग्न असं नावच पडलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये १८ च्या आत लग्न झालेल्या ४३.७ टक्के निघाल्या. हिचं लग्नही असंच दसऱ्याच्या तोंडावर झालं, आणि हळद फिटायच्या आत ती ट्रकमध्ये भांड्याकुंड्यांसोबत बसून निघाली.

पहिलं बाळंतपण १७ व्या वर्षी. पोट असताना जानेवारीपर्यंत मोळ्या वाहिल्या, मग माहेरी आली. दुसऱ्या खेपेला तेही जमलं नाही, कारण उचल फिटायची होती, बाळंतपण कारखान्याच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात झालं आणि पंधराव्या दिवशी ती परत फडात, बाळ बांधावर, साडीच्या झोळीत. डोक्यावर लगेच मोळी दिली नाही, सासूनं (आत्याबाई तेव्हा सोबत होत्या) सांभाळून घेतलं, पण वाकून ऊस गोळा करणं, पाचट सोलणं, मोळी बांधणं हे चालूच. ओटीपोटात ओढ लागल्यासारखं दुखणं तेव्हापासूनचं आहे असं ती सांगते. तिसरं पोर झालं आणि २१ व्या वर्षी टाक्याचं ऑपरेशन करून घेतलं. आणि हे लक्षात ठेवा, कारण इथून पुढं घरात, भावकीत, आणि पुढं दवाखान्यातसुद्धा सगळे हेच धरून चालले की आता पिशवीचं काम संपलंय, ती राहिली काय आणि गेली काय.

आता फडातला दिवस. पहाटे तीन-चारला उठायचं, भाकरी थापायच्या, फाटायच्या आत फडावर. पुरुष तोडतो, बाई पाचट काढून मोळी बांधते, मग ती मोळी डोक्यावर घेऊन लाकडी फळीवरून ट्रकवर चढायचं. ट्रक-ट्रॅक्टरवाल्या टोळ्यांचं हे असंच असतं, टायरगाडीवाल्यांचं थोडं वेगळं. मोळी तीस-पस्तीस किलोच्या खाली क्वचित, ओल्या उसाची असली तर मान बसते. आणि दिवस संध्याकाळी संपत नाही, गाडी रात्री अकराला आली तर अकराला भरायची, दोनला आली तर दोनला, आणि चारला पुन्हा भाकरी. राहायला कोप, म्हणजे बांबूच्या कामट्या आणि ताडपत्री, आत वाकून शिरायचं. आंघोळ कोपीच्या मागं साडीचा आडोसा करून, तीही अंधार असताना. संडास नाही. लघवीला जायला सुद्धा फडात आडोसा मिळेल तेव्हाच, आणि टोळीत पुरुष असतात, ड्रायव्हर असतात, शेतमालक असतो, म्हणून बायका सरळ पाणीच कमी पितात. दिवसभर ऊन, धूळ, कुसळं आणि पोटात दोन तांबे पाणी. लघवीची जळजळ, ताप, हे मग येणारच.

पाळीचं तर विचारू नका. पॅड मिळालं तरी बदलायचं कुठं आणि टाकायचं कुठं, म्हणून कापडच, ते कॅनॉलच्या नाहीतर विहिरीच्या पाण्यात धुवायचं आणि कुणाला दिसू नये म्हणून कोपीच्या आत दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालायचं, ते वाळतच नाही, तेच ओलसर परत घ्यायचं. मांड्या सोलून निघतात. अशा अवस्थेत वाकणं, मोळी उचलणं, फळी चढणं. हिला २३-२४ व्या वर्षापासून अंगावरून पांढरं जायला लागलं, वास यायचा, कंबर धरायची, पाळीत जास्त जायला लागलं. वैद्यकीय भाषेत सांगायचं तर यातला बराचसा भाग योनीमार्गाचा आणि पिशवीच्या तोंडाचा जंतुसंसर्ग असतो, वेळेवर, पूर्ण कोर्स घेऊन, नवरा-बायको दोघांनी गोळ्या घेतल्या तर बरा होणारा. पूर्ण कोर्स आणि वेळेवर, हे दोन शब्द फडात बसत नाहीत, एवढीच अडचण.

कारण खाडा. एक दिवस काम बुडालं की त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर मुकादम दंड लावतो, कुठं ५०० रुपये, कुठं त्याहून जास्त. आणि बाई बसली म्हणजे कोयता मोडला, नवरा एकटा तोडून बांधून भरू शकत नाही, दोघांचाही दिवस गेला. तिनं मला जसं सांगितलं तसं लिहिते: "ताई, दवाखान्यात जायचं म्हणलं तर खाडा पडतो, गाडीला पैसे, डॉक्टरला पैसे, मेडिकलला पैसे. दुखण्यापेक्षा दवाखानाच महाग. मग मालक (नवरा) गावातनं गोळी आणायचे, ती खायची आणि मोळी उचलायची." ती गोळी म्हणजे दुखणं थांबवायची पांढरी गोळी, पाच-पाच वर्षं हंगामात दिवसाला दोन-तीन. संसर्ग तसाच आत मुरत गेला.

इथं जरा हिशोब मांडते, कारण या हिशोबाशिवाय पुढचं कळणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटनांची बोलणी होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, टनाला २७३ चे ३६६ रुपये झाले. एक कोयता चांगला चालला तर दिवसाला दोन टन. म्हणजे ७३२ रुपये, दोन माणसांचे, पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या राबणुकीचे. आता समजा उचल एक लाख आहे, तर ती फिटायला २७३ टन ऊस तोडायला लागतो, रोज दोन टनांनी १३७ दिवस, एकही सुट्टी न घेता, म्हणजे साडेचार महिने सलग. हंगाम कधी पाच महिने चालतो, कधी साडेतीनमध्येच पट्टा पडतो, म्हणजे हंगाम बंद होतो. यात पाळीचे चार दिवस बसवून बघा, दर महिन्याला चार. आजारपणाचा आठवडा बसवून बघा. कुठंच बसत नाही. फिटलं नाही तर बाकी पुढच्या वर्षावर, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं, तो म्हणेल त्या कारखान्याला. आणि हा आजचा वाढीव दर आहे, हिची जी वर्षं मी सांगतेय तेव्हा याहून कितीतरी कमी होता.

२०१९ ला बीडच्या बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या तेव्हा एक गोष्ट सगळीकडं पसरली की मुकादम पाळी येणाऱ्या बाईला कामावरच घेत नाहीत. मी माझ्या भागात असं म्हणणारा मुकादम ऐकला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला तसं म्हणायची गरजही पडत नाही. खाडा त्याच्या वहीत लिहिलेला असतो. बाकीचं बाईच स्वतः ठरवते.

तर दवाखाना. २०१८ ला पट्टा पडला आणि एप्रिलमध्ये टोळी गावी आली. आमच्या आशाताईनं तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तिथं तपासून सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या आत, लोहाच्या गोळ्या दिल्या. सोनोग्राफी तिथं नव्हती, त्यासाठी आणि बाईच्या डॉक्टरसाठी लांबच्या सरकारी रुग्णालयात जायला सांगितलं. ती गेली, तारीख मिळाली पुढच्या आठवड्याची, परत गेली तर डॉक्टर त्या दिवशी रजेवर. एसटीचं भाडं दोन वेळा, नवऱ्याची कुरकुर, वर घरी पाण्याची टंचाई, हंडे आणायला दोन-दोन किलोमीटर. मग जावेनं सांगितलं की तालुक्याला एक खाजगी दवाखाना आहे, एका दिवसात सगळं बघतात. जावेची पिशवी तिथंच काढली होती. गल्लीतल्या अजून तिघींची पण.

तिथं सोनोग्राफी झाली. पिशवीला सूज आहे, तोंडाला जखम आहे, ठेवली तर आज ना उद्या कॅन्सर होईल, पोरं झाली आहेतच, काढून टाका, असं सांगितलं. पिशवीच्या तोंडाची साधी तपासणी असते, कापसाच्या बोळ्यानं व्हिनेगर लावून बघायची नाहीतर पेशी घेऊन लॅबला पाठवायची, ज्यातून कॅन्सरची शंका आहे का ते कळतं, ती केल्याचा कागद तिच्या फाईलमध्ये नाही. जंतुसंसर्गाचा पूर्ण कोर्स देऊन दोन-तीन महिने बघू, असं कुणी म्हणालं नाही. जास्त जातंय त्याला गोळ्या आहेत, इतर उपाय आहेत, हेही नाही. कॅन्सर म्हटलं की संपलं. गावात एक बाई कॅन्सरनं गेलेली सगळ्यांनी पाहिली होती. खर्च सगळा मिळून ३५ हजार. तो कुणी दिला? मुकादमानं, पुढच्या हंगामाच्या उचलीत धरून.

आणि तिचं स्वतःचं म्हणणं काय होतं तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तिला आपण बिचारी करून ठेवतो. ती म्हणाली, मला बरं वाटलं होतं तेव्हा. दर महिन्याची कटकट गेली, ओल्या कापडाची गेली, खाडा गेला, नवरा म्हणाला एकदाचं होऊन जाऊ दे. तिच्या जागेवरून हा हिशोब चुकीचा नव्हता. तिच्यासमोर दोनच रस्ते होते, दुखत दुखत मोळ्या वाहायच्या नाहीतर पिशवी काढून मोळ्या वाहायच्या, आणि तिसरा रस्ता, म्हणजे काम न बुडवता नीट उपचार, तो तिला कुणी दाखवलाच नव्हता कारण तो अस्तित्वातच नव्हता.

पुढं जे झालं ते मला तीन वर्षांनी कळलं. गुडघे, कंबर, अंगातून वाफा निघाल्यासारखं होणं, रात्री घामानं जाग, विनाकारण रडू, अशा तक्रारी घेऊन ती आली तेव्हा ३० ची होती. मी डिस्चार्ज कार्ड मागितलं. पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यावर इंग्रजीत एक ओळ होती, 'टीएएच विथ बीएसओ'. म्हणजे पोट उघडून पिशवी काढली आणि दोन्ही बाजूची बीजकोषं, नळ्या, तीही काढली. २७ व्या वर्षी. तिला हे माहीतच नव्हतं, तिला वाटत होतं फक्त पिशवी गेली. बीजकोषं काढली की शरीरातलं इस्ट्रोजन एकदम पडतं, जी पाळी ४५-५० ला हळूहळू जायची ती रातोरात जाते, हाडं ठिसूळ व्हायला लवकर सुरुवात होते, हृदयाचा धोका वाढतो. इतक्या कमी वयात काढायची वेळ आली तर हार्मोनच्या गोळ्या, कॅल्शियम, वेळोवेळी तपासणी हे सांगायचंच असतं. कार्डावर होतं टाके काढायची तारीख आणि 'जड काम करू नये'. किती दिवस, ते सुद्धा नाही. साधारण सहा आठवडे तरी वजन उचलू नये असं सांगतात, हिनं चौथ्या आठवड्यात हंडा उचलला, जूनमध्ये पेरणी-खुरपणी, आणि दसऱ्यानंतर परत फड, कारण आता उचलीत ३५ हजार जास्तीचे होते.

मला या केसमध्ये सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीचा होतो. कामामुळं दुखणं, दुखण्यामुळं ऑपरेशन, ऑपरेशनमुळं कर्ज आणि कर्जामुळं परत तेच काम, आणि या सगळ्यात पैसा एकाच वहीतून फिरतोय, मुकादमाच्या.

आज ती मोळी घेऊन फळी चढू शकत नाही. सोलते, बांधते, भरणीला नवरा आणि टोळीतली इतर माणसं. कोयत्याचा माल दोन टनांवरून सव्वा-दीडवर आलाय, म्हणून उचलही कमी मिळते. थोरली मुलगी १७ ची आहे, आजीजवळ राहून बारावी करतेय, स्थळं यायला लागली आहेत आणि आई अजून तरी नाही म्हणतेय.

आता ही एकटीची गोष्ट आहे का, तर नाही, आणि आकडे सरकारचेच आहेत. २०१९ च्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांत बीडच्या गावांवर बातम्या आल्या, काही गावांत निम्म्याच्या आसपास बायकांच्या पिशव्या काढलेल्या. राष्ट्रीय महिला आयोगानं दखल घेतली. जूनमध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं की बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी दवाखान्यांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भपिशव्या काढल्या गेल्या. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिच्या कामात बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांचं सर्वेक्षण झालं आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास १७. त्याआधीच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात (२०१५-१६) १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशाचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. वयोगट, पद्धत वेगळी असेल, तुलना अगदी काटेकोर नाही, पण ३ आणि १७ मधला फरक पद्धतीनं भरून निघत नाही. ऑपरेशननंतर अंगदुखी, सांधेदुखी, मनावर ताण, अशा तक्रारी त्यातल्या हजारो बायकांनी सांगितल्या. आमच्या बाईचं तेच.

त्यानंतर काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही, झालं. बीडमध्ये खाजगी दवाखान्याला पिशवी काढायची तर जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यावी लागेल असं ठरलं, आणि याचा धाक बसला, मी स्वतः बघते, पूर्वी "उद्या या, काढून टाकू" म्हणणारे आता आधी गोळ्या देतात. हंगामाला जायच्या आधी आणि आल्यावर तपासणी शिबिरं सुरू झाली, आरोग्य कार्ड आलं. २०२२ ला केंद्रानं अनावश्यक ऑपरेशनं रोखायला मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितल्या. तो खटला आपल्याकडचा नव्हता, बिहार, छत्तीसगड, राजस्थानमधल्या बायकांचा होता, म्हणजे रोग एकट्या बीडचा नाही. ऊसतोड कामगारांच्या हालांवर २०२३ मध्येच मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ झालं, कारखान्यांनी टनामागं १० रुपये आणि सरकारनं तेवढेच द्यायचे असं ठरलं, पोरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं सुरू झाली, जिथं जागा मिळाली तिथल्या मुलींचं लग्न दोन-चार वर्षं तरी पुढं गेलं.

आणि तरी २०२५ च्या जूनमध्ये जिल्ह्याच्या तपासणीतले जे आकडे बातम्यांत आले त्यात गर्भपिशवी काढलेल्या ८४३ बायका होत्या, निम्म्याहून जास्त ३० ते ३५ वयाच्या, आणि १,५२३ बायका पोटुशी असताना फडात काम करत होत्या. दुसऱ्या आकड्याकडं लोकांचं लक्ष कमी गेलं. माझं जास्त गेलं. कारण या १,५२३ मधूनच उद्याच्या पिशव्या दुखणार आहेत.

परवानगीची अट हा अगदी शेवटच्या दारावरचा पहारा आहे. तिथं अडवलं तर ऑपरेशन थांबेल, पांढरं जाणं थांबणार नाही. बाई न काढलेल्या, सुजलेल्या, दुखऱ्या पिशवीसकट फळी चढत राहील, फार तर शेजारच्या जिल्ह्यात जाऊन काढून येईल. आधीची दारं तशीच उघडी आहेत. खाडा आजही आहे, त्याच्यावर कुणी बंदी आणलेली नाही. उचल आजही जोडीमागं आणि ती नवऱ्याच्या हातात, बाईचं नाव कुठल्या कागदावर नसतं, मजुरी तिच्या खात्यात जात नाही. आणि मालक कोण हा प्रश्न विचारला की सगळे एकमेकांकडं बोट दाखवतात. कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदार म्हणतो माझा मुकादमाशी, मुकादम स्वतःच कधीकाळी कोयता चालवलेला, तो म्हणतो पैसे कारखान्याकडून आले, मी काय मालक आहे का. मालक नाही म्हणून ईएसआय (कामगार विमा) नाही, पगारी बाळंतरजा नाही, कामावर जखम झाली तर भरपाईसाठी वर्षानुवर्षं फिरायचं. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं हेच दाखवलं की ही साखर पुढं जगातल्या मोठ्या शीतपेय कंपन्यांपर्यंत जाते, तेव्हा चार दिवस सगळीकडं गाजलं. कंपन्यांनी चौकशीचं बोलणं केलं. फडावर संडास आला का, हे मी विचारते, तर अजून मला तरी दिसला नाही.

एक मुद्दा आमच्या खात्याबद्दल पण. आमची सगळी यंत्रणा गाव धरून चालते. आशाताईची वही गावाची, लसीकरणाचा दिवस गावाचा, गरोदर बाईची नोंद गावाची. नोव्हेंबर ते मार्च आमच्या कित्येक वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि कुलपं असतात, आणि त्याच वेळी ज्या कारखान्याच्या गावात हजारो माणसं येऊन उतरतात तिथल्या आशाताईच्या यादीत ती नसतात. त्या बिचारीला तिच्या लोकसंख्येप्रमाणं काम असतं, या कोप्या तिच्या हद्दीत आहेत की नाहीत हेच तिला कुणी सांगितलेलं नसतं. आम्ही इथून निघताना हिमोग्लोबिन तपासून कार्डावर लिहितो, पण ते कार्ड तिकडं बघणारं कुणी नसेल तर तो आकडा नुसता लिहिलेला राहतो. हिच्या केसमध्ये बघा, २३ पासून २७ पर्यंत चार हंगाम होते, प्रत्येक हंगामात ती कुठल्या ना कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून चार-पाच किलोमीटरवर राहत होती. एकदाही कुणी कोपीवर आलं नाही असं ती म्हणते. पोलिओचे डोस द्यायला आले होते, पोरांना.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे आणि ते करण्यासारखं आहे. आजारपण, पाळीची आणि बाळंतपणाची रजा यांवर खाडा लागू होणार नाही, हे मुकादमाच्या करारात आणि कारखान्याच्या परवान्याच्या अटीत लिहून घ्या, दरवाढीच्या बोलणीत ३४ टक्के भांडून घेता येतात तर ही एक ओळ पण घेता येईल, संघटनांनी ती मागायला हवी आणि अजून जोरात मागितलेली नाही. उचलीत दवाखान्याचा खर्च धरायला बंदी करा. कोप्यांच्या तळावर पाणी आणि बंद दाराचा संडास कारखान्यानं द्यायचा, गाळपाचा परवाना त्यावर अडवा. तेवढं झालं तर परवानगीची अट खरंच कामाला येईल.

आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, बेळगाव इकडं आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या माझ्या बहिणींना एक विनंती. तुमच्या हद्दीत कोप्या पडल्या की पहिल्या पंधरवड्यात एकदा जाऊन या, संध्याकाळी सातच्या पुढं जा, तेव्हाच बायका सापडतात. पोटुशी कोण आहे विचारा आणि तिचं कार्ड बघून पुढची तपासणी तिथंच लावा. अंगावरून जातंय का हे पुरुषांसमोर विचारू नका, बाजूला घ्या. सात दिवसांच्या गोळ्या एकदम द्या, आणि नवऱ्याच्याही द्या, तिला दुसऱ्यांदा यायला जमणार नाही असं धरूनच द्या. पिशवी काढलेली भेटली तर डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढून घ्या, बीजकोषं ठेवली आहेत का काढली आहेत ते वाचा, तिला मराठीत सांगा, आणि काढली असतील तर तुमच्या डॉक्टरांना दाखवून हार्मोनच्या गोळ्यांचं, कॅल्शियमचं विचारा. आणि तिच्या गावच्या आशाताईचा फोन नंबर तिच्याकडून घेऊन एक फोन करा. नंबर बहुतेक बायकांकडं असतो.